नळीचं तोंड

२४ जानेवारी

तीन दिवस झाले. लिहिलंस तर डोकं जागेवर येईल, असं शरदचंद्र म्हणतात. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत तेलुगूतून गणित शिकवलं, पण स्वतःसाठी लिहायचं म्हटलं की हात मराठीकडेच वळतो. वही आमच्या लेकीची, देवश्रीची आहे. तिने बारावीत भौतिकशास्त्रासाठी घेतली आणि कोरीच ठेवली.

घडलं ते क्रमाने लिहिते.

सोमवारी मी गावी शेतावर गेले. ज्वारी हुरड्यात आली की नदीकडून रानडुकरं येतात आणि एका रात्रीत अर्धा एकर लोळवून जातात. पंचायतीचा परवानगीचा कागद होता, नेमबाजांच्या यादीत माझं नाव होतं. रायफल बाबांची, तीनशे पंधरा बोअरची. ते गेल्यावर परवाना माझ्या नावावर झाला, त्याला अकरा वर्षं झाली. नेहमीप्रमाणे आदल्या दिवशी कपाटातून काढली. दसऱ्याचा झेंडू नळीत वाळून बसला होता, तो ओढून तुळशीत टाकला. मागच्या बाजूने तेलाचा बोळा फिरवला.

मंगळवारी उजाडता उजाडता डुक्कर बांधावर आलं. सत्तर पावलं. खांद्याच्या मागे नेम धरला, श्वास अर्धा सोडला, चाप ओढला. डुक्कर कोसळलं आणि ज्वारीत दिसेनासं झालं. महिपतदादा आत गेला. डुक्कर मेलेलं नव्हतं. गोळी वीतभर मागे, पोटात लागली होती. त्याने महिपतदादाची डावी मांडी गुडघ्यापासून वर फाडली. दुसरी गोळी मी अगदी जवळून झाडली, तेव्हा ते पडलं.

महिपतदादा आमचं शेत बघतो. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. लहानपणी त्यानेच मला विहिरीत पोहायला शिकवलं.

२७ जानेवारी

सरकारी दवाखान्यात गेले होते. डॉक्टर म्हणाले, शीर तुटली आहे. जखम भरेल, पण पाऊल ओढत चालावं लागेल.

आशावहिनी खाटेजवळ बसल्या होत्या. मी डबा दिला. त्यांनी घेतला, खाटेखाली ठेवला. संध्याकाळी निघताना तोच डबा माझ्या हातात दिला, न उघडलेला. महिपतदादा झोपेच्या औषधात होता. एकदा डोळे उघडून म्हणाला, "ताई, ज्वारी राह्यली का?"

राहिली, म्हटलं.

३ फेब्रुवारी

जबाबाच्या वेळी ठाण्यात ठेवून घेतलेली रायफल परत मिळाली. हत्यार तपासून घेईन, असं माझ्याकडून लिहून घेतलं. पंचायतीचे सचिव म्हणाले, "मॅडम, गावात लोक बोलून राह्यले. तुमचं नाव यादीत ठेवायचं तर कारागिराचा कागद पायजे. काय बिघाड व्हता, काय दुरुस्ती केली. पंधरा मार्चपर्यंत द्या."

लोक काय बोलतात ते मला ठाऊक आहे. बस स्टँडवरच्या हॉटेलात कोणीतरी म्हणालं, बाईमानसाच्या हाती बंदूक दिल्यावर दुसरं काय होनार. बाबांच्या हातून नेम चुकला असता तर बंदुकीला दोष दिला असता.

आणि दोष बंदुकीचाच आहे. नळी बाबांच्या तरुणपणची, झिजलेली असणार. माझा हात कापला नव्हता, हे मला नक्की आठवतं. नळी नवी बसवायची. कोणत्या कारागिराकडून, एवढाच प्रश्न आहे.

शरदचंद्रांना हे सांगितलं. ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "एवढाच?"

९ फेब्रुवारी

देवश्रीने हैदराबादच्या एका परवानाधारक दुकानात चौकशी केली. मालकाने मग मला फोन केला. नीट बोलला. नळी कारखान्यातूनच मागवावी लागेल, नळीवरचा नंबर परवान्यात असतो म्हणून आधी कलेक्टर ऑफिसची मंजुरी, मग आठ-दहा महिने. हत्यार पाहून दुरुस्ती केल्याशिवाय कागद देणार नाही, म्हणाला.

पंधरा मार्चनंतर तो कागद घेऊन मी काय करू? दुकानाचं नाव खोडलं.

१६ फेब्रुवारी

नागपूरला जाऊन आले. रायफल नेता येत नाही, माझा परवाना तेलंगणापुरता आहे. फोटो नेले. देवानंद नावाचा कारागीर, पन्नाशीचा, चष्मा कपाळावर. फोटो फोनवर मोठे करून पाहिले आणि लगेच म्हणाला, "मॅडम, ही नळी संपली. दिसूनच राहिलं न."

मी विचारलं, त्यामुळे नेम चुकू शकतो का?

"चुकू शकतो म्हणजे? चुकणारच. तुमच्या जागी कोणीही असता तरी चुकला असता."

इतक्या दिवसांत इतकं स्पष्ट कोणी बोललं नव्हतं. नळी तो मिळवून देईल, वाहतुकीची परवानगी काढून ठेवा म्हणाला. कागद मात्र आजच. छापील कागदावर शिक्क्यासह लिहून दिलं: नळी आतून झिजलेली आहे, त्यामुळे गोळीची दिशा बदलली, शस्त्रधारकाचा दोष नाही.

बसमध्ये शेवटचे तीन शब्द पुन्हा पुन्हा वाचले. पांढरकवड्यानंतर झोप लागली. महिनाभरात पहिल्यांदा नीट झोपले, तीही एसटीत.

१७ फेब्रुवारी

शरदचंद्र निवृत्त झाले तरी मनाने वीजखात्यातच आहेत. म्हणाले, "मीटर न बघता बिल देणारा माणूस आम्ही ठेवला नसता."

मी म्हटलं, तुम्हाला प्रत्येकात खोट दिसते.

"प्रत्येकात नाही. निर्मलला एक नागोराव आहेत. पोलिसांच्या शस्त्रागारात होते, आता घरी दुरुस्ती करतात. रायफल तरी दाखव."

दाखवेन. दोन कागद असले तर बरंच.

२३ फेब्रुवारी

निर्मल. जाताना गुडीहत्नूरला चहा घेतला, घाट उतरून अकराला पोचलो. नागोरावांचं घर लाकडी खेळणी करणाऱ्यांच्या गल्लीत आहे. शेजारच्या ओट्यावर रंगवलेली हरणं वाळत होती. म्हातारे चौऱ्याहत्तरचे, बनियनवर. भिंतीवर परवान्याची चौकट.

त्यांनी आधी परवाना वाचला, रायफलीवरचा नंबर ताडून पाहिला, बोल्ट काढून बाजूला ठेवला. मग विचारलं, "काय करायचं?"

"नळी बदलायची."

"काऊन?"

"नेम चुकतो."

"कोनाचा?"

मला ते आवडलं नाही. मी म्हटलं, नळीचा.

"अकरा सालात किती गोळ्या झाडल्या, टीचरम्मा?"

"आठ. परवाच्या दोन धरून."

"त्यातल्या कागदावर किती? निशाना लावून पाह्याले?"

"एकही नाही. गोळ्या मोजून मिळतात. बाबा म्हणायचे, गोळी वाया घालवू नये."

"म्हंजे गाडी कधी मैदानात चालवली नाई, अन् थेट घाटात घातली." ते हसले नाहीत. शरदचंद्र हसले. "बरं. डुक्कर जखमी झाल्यावर किती वेळ थांबल्या?"

जुने लोक गोळी झाडल्यावर एक विडी संपेपर्यंत जागचे हलत नसत. जखमी जनावर तेवढ्या वेळात एक तर मरतं, नाही तर दूर निघून जातं. बाबांकडून मला ते पाठ आहे.

मी म्हटलं, "थांबले होते."

ते माझ्याकडे नाही, रायफलीकडे बघत होते. "आठ दिवस ठेवून जा. पावती देतो."

मी विचारलं, नळी खराब आहे ना? "पाह्यल्याबिगर कसं सांगू?"

येताना घाटात माकडं गाडीवर चढली. शरदचंद्रांनी त्यांना सगळी केळी देऊन टाकली. हा म्हातारा हेकट आहे. देवानंद बरा.

२ मार्च

पुन्हा निर्मल.

नागोरावांनी रायफल उजेडाकडे धरली आणि मागच्या बाजूने मला बघायला लावलं. आतल्या पेचदार आट्या काचेसारख्या चमकत होत्या.

"तुमच्या बाबांनी नळी जपली. आतून कुठं झिजली नाई. आनखी पन्नास साल जाईन."

मला वाईटच वाटलं. नळी चांगली आहे हे ऐकून कोणाला वाईट वाटतं?

मग त्यांनी रायफल उलटी केली. कापसाचा छोटा बोळा घेतला आणि नळीच्या तोंडाच्या कडेवरून हलकेच फिरवला. तीन बाजूंनी बोळा सरळ सरकला. खालच्या बाजूला अडकला. कापसाचे तंतू तिथे धरले गेले, पांढरे, उभे. त्यांनी घड्याळजीचं भिंग माझ्या हातात दिलं. कड तिथे खाल्लेली होती, उंदराने भाकरी कुरतडावी तशी.

"गोळी नळीतून सरळ येते. बाहेर निघता निघता इथून हवा आधी सुटते, अन् गोळीले एका बाजूनं ढुशी बसते. हा गंज वरचा नाई. साल दर साल पानी बसलं इथं. पूजा करता?"

"खंडेनवमीला."

"फूल कुठं ठेवता?"

मी विचार करायच्या आधीच माझ्या बोटाने दाखवलं.

शेजारी कानशीने लाकूड घासल्याचा आवाज येत होता.

"ओला देठ," नागोराव म्हणाले. "वरून पानी शिंपडता. कुंकू. अन् मग कपाटात, उभी."

मग मीच विचारलं, कारण विचारल्याशिवाय गेले असते तर पुन्हा आले नसते. सत्तर पावलांवर या ढुशीने गोळी किती सरकेल?

"चार बोटं. लई तर पाच."

"वीतभर गेली होती."

"मंग बाकीची तुमची."

वीत म्हणजे बारा बोटं. हे मी सहावीच्या वर्गाला शिकवलं आहे.

"नवी नळी बसवली तर?" मी तरीही विचारलं.

"बसवा. पन दसरा दर साली येते, टीचरम्मा." त्यांनी कापूस टाकून दिला. "नळी नका बदलू. तोंडाकडून अर्धा इंच कापतो, कड नवी करतो. बावीस इंचाची हाय, वीसच्या खाली जायची मनाई, आपन जात नाई. कलेक्टर हापिसातून मंजुरी आना, मंगच हात लावतो."

कागद त्यांनी हाताने लिहिला. नळी आतून उत्तम. तोंडाशी गंज, कारण ओलावा. निगा राखताना चूक. यामुळे गोळी चार ते पाच बोटं सरकू शकते. त्याहून जास्त नाही.

ते शेवटचं वाक्य लिहायला मी सांगितलं नव्हतं.

३ मार्च

सकाळी शरदचंद्रांना म्हटलं, बाबांची रीत चुकीची होती, कोणाला कळलं नाही.

ते दाढी करत होते. "बाबांची रीत? ते झेंडू दस्त्याला बांधायचे. नळीच्या तोंडावर कापडाची टोपी असायची, तुझ्या आईने शिवलेली."

"मग नळीत फूल कोणी सुरू केलं?"

"तू. ते गेले त्या दसऱ्याला."

मला आठवेना. आठवलं ते इतकंच की त्या वर्षी रायफल फार रिकामी दिसत होती.

"तुम्ही अकरा वर्षं बघितलंत आणि बोलला नाहीत?"

"मला वाटलं माणूस गेल्यावरची तुमच्या घरची रीत असेल काही. पूजेत मध्येच बोलू नये म्हणतात."

मी इतकी चिडले की हसू आलं.

९ मार्च

टेबलावर दोन कागद आहेत. एक छापील, शिक्क्याचा. एक हाताने लिहिलेला, त्यावर तेलाचा डाग. सचिवांना दोन्ही सारखेच. ते वाचून फाइलला लावतील आणि माझं नाव यादीत राहील. देवानंदचा कागद दिला तर गावातलं बोलणंही थांबेल. खोटं मी बोललेले नाही, त्याने लिहून दिलंय.

आज या वहीचं पहिलं पान उघडलं. "महिपतदादा आत गेला." वाक्यात खोटं काही नाही. फक्त त्याच्या आधी जे घडलं ते मी लिहिलेलं नाही.

डुक्कर कोसळलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी उभी राहिले आणि म्हटलं, "महिपतदादा, पडलं! बघ रे जाऊन."

तो म्हणाला होता, "थांबा न ताई जरा."

मी म्हटलं, "अरे पडलंय, जा."

विडी सोडा, काडी ओढण्याइतकंही मी थांबले नाही. हे कोणत्याही कारागिराच्या कागदात बसत नाही. चार बोटांत नाही, आठ बोटांतही नाही. आणि मी महिनाभर नागपूर-निर्मल करत होते ते कुठला कारागीर चांगला हे बघायला नव्हे. कोणता मला हे विचारणार नाही ते शोधत होते. नागोरावांनी विचारलं, तर त्यांना खोटं सांगितलं.

१२ मार्च

काल गावी गेले. महिपतदादा अंगणात बाजेवर होता, काठी उशाशी. आशावहिनी शेंगा निवडत होत्या. मला बघून त्यांनी सूप जरा जास्त जोरात आपटलं.

मी नागोरावांचा कागद वाचून दाखवला. पूर्ण.

"आता कागद वाचून पाय सरळ होते काय?" आशावहिनी म्हणाल्या.

"थांब वं," महिपतदादा म्हणाला. "फुलानं गंजली म्हनते?"

"हो."

"झेंडू तर मी आनत व्हतो. माह्या बांधावरचा. दर साली." तो छपराकडे बघत राहिला. "तुमी नळीत खुपसत, तवा मले वाटे, असन यायच्या घरची काही रीत. शिकले-सवरलेले लोक."

मग मी बाकीचं सांगितलं. कागदात नसलेलं. तो थांबा म्हणाला होता आणि मी जा म्हटलं होतं. सांगताना आवाज वर्गात निघतो तसा निघाला, कोरडा. मला तो बदलता येईना.

आशावहिनींचा हात सुपात थांबला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. म्हणजे त्याने त्यांनाही हे सांगितलेलं नव्हतं. दीड महिना.

"तुमी मले काऊन नाई सांगितलं?" त्या त्याला म्हणाल्या.

"काय सांगू? ताईनं मले धाडलं म्हून सांगू?" मग माझ्याकडे वळून, "चूक तुमचीच हाय ताई. मी नाई म्हननार नाई. बाबा असते तर तुमाले दोन ठेवून देल्या असत्या. पन मी बी काय लहान लेकरू व्हतो? तुमी जा म्हनलं अन् मी गेलो. चूक दोघायची. पाय मातर माहा एकट्याचा."

मी बसून राहिले. थोड्या वेळाने आशावहिनींनी शेंगांचं सूप माझ्यापुढे सरकवलं. "रिकामं काऊन बसता. निवडा."

अंधार पडायच्या आत अर्धं पोतं निवडून झालं. निघताना त्या म्हणाल्या, "डब्यात काय व्हतं त्या दिवशी?"

"मेथीची भाजी."

"मेथी मी खातच नाई," त्या म्हणाल्या.

१४ मार्च

होळीच्या सुट्टीमुळे कागद कालच देऊन टाकला. नागोरावांचा. सोबत माझं एक पान, मी जखमी जनावरामागे माणूस पाठवला असं लिहिलेलं. सचिवांनी दोनदा वाचलं. "मॅडम, हे दुसरं पान मागितलं नव्हतं."

माहीत आहे, म्हटलं.

देवानंदचा कागद चुलीत घातला.

१८ एप्रिल

पंचायतीचं पत्र आलं. यंदा माझं नाव यादीत नाही. नेमबाज उटनूरकडून येणार. ठाण्यात पुन्हा जबाब झाला, परवाना राहिला. ज्वारी निघाली आहे. मला वाटलं होतं तितकं लागलं नाही.

२६ ऑगस्ट

मंजुरी मिळाली, काम झालं. नागोरावांनी कापसाचा बोळा नव्या कडेवरून फिरवला, चारही बाजूंनी सरळ गेला. मग मला बंदुकीची नव्हे, रिकाम्या बसण्याची शिकवणी दिली. अर्धा तास रायफल खांद्याला लावून भिंतीवरच्या खिळ्याकडे बघायला लावलं. "चाप ओढताना तुमी डोळा मिटता. कोनी सांगितलं नाई?"

कोणी सांगितलं नाही. मी कधी विचारलं नाही.

मी त्यांना म्हटलं, मी तेव्हा थांबले नव्हते.

"मले म्हाईत व्हतं," ते म्हणाले. "थांबनारा मानूस 'थांबले' म्हनत नाई. किती वेळ, ते सांगते."

निघताना त्यांनी कागदात गुंडाळलेला अर्ध्या इंचाचा तुकडा दिला. बोटात न बसणाऱ्या अंगठीसारखा, एक कड खाल्लेली. "तुमचा माल. माह्याजवळ ठेवता येत नाई."

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

महिपतदादा येणार नाही असं धरून मी बाजारातून फुलं आणली होती. दहा वाजता फाटक वाजलं. पहिल्या बसने आला होता. आमच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. आधी काठी, मग उजवा पाय, मग डावा ओढत. तीन पायऱ्यांना किती वेळ लागला ते मी दारात उभी राहून पाहिलं. हात पुढे केला नाही. त्याला ते चाललं नसतं.

धोतराच्या सोग्यात झेंडू होता, बांधावरचा, दवाने ओला. आशावहिनींनी ज्वारीची राखून ठेवलेली कणसं पाठवली होती.

पाटावर रायफल आडवी ठेवली होती. नळीच्या तोंडावर मी शिवलेली कापडाची टोपी. आईसारखी जमली नाही, जरा तिरकी झाली आहे. कणसं दस्त्याला बांधली. महिपतदादा सगळ्यात जाड देठाचं फूल हातात घेऊन उभा राहिला, दर वर्षी राहतो तसा.

"आता हे कुठं?"

मी देवघरातून तो तुकडा आणून पाटावर उभा ठेवला. रायफलीपासून हातभर लांब.

त्याने वाकून पाहिलं. काठीवर भार देऊन बराच वेळ पाहिलं. बोटाने खाल्लेली कड चाचपली. मग देठ नखाने जरा तोडून आखूड केला आणि आत बसवला. घट्ट बसला.

"एवढूसं," तो म्हणाला. तो खुर्ची ओढून बसला, अधू पाय लांब केला आणि तांब्याकडे बोट दाखवलं. "टाका पानी. आता किती बी टाका."

मी आधी रायफल पुसून कपाटात आडवी ठेवली, कुलूप लावलं. मग पाणी शिंपडलं.